चवथ ही गरज की चैन?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, आम्ही तक्ता टांगला होता. डावीकडे ‘गरज’, उजवीकडे ‘चैन’. बायकांच्या हातात छापील चिठ्ठ्या द्यायच्या. तांदूळ, औषधं, शाळेची फी, मोबाइल, सोनं, सण-समारंभ. कोणती चिठ्ठी कुठे चिकटवायची ते त्यांनी ठरवायचं, आणि मग आम्ही पुस्तिकेतलं उत्तर सांगायचं. पुस्तिकेत ‘सण-समारंभ’ उजवीकडे होते. पन्नाशीच्या एका मावशीने ती चिठ्ठी उचलली, नीट वाचली आणि डावीकडे, तांदळाच्याही वर चिकटवली.

मी म्हटलं, “मावशी, ही जरा विचार करून लावूया.”

“चवथ न्हय ती? मागीर?”

चवथ म्हणजे आमच्याकडची गणेश चतुर्थी. बाकीच्या हसल्या. मीही हसलो, आणि चिठ्ठी उचलून उजवीकडे लावली. माझ्या नोकरीचा तो भाग होता.

बँकेतून निवृत्त होण्याआधीची शेवटची काही वर्षं मी असले आर्थिक साक्षरतेचे वर्ग घेत गावोगाव फिरलो. डिचोली, सत्तरी, पेडणे, कधी फोंड्याच्या बाजूला. समोर बहुतेक बायका, आणि त्यांतल्या बऱ्याच गटकर्ज घेतलेल्या: दहा-बाराजणींचा गट, एकमेकींची हमी, पंधरवड्याला किंवा महिन्याला सेंटर मीटिंग, तिथे हप्ता. ती चिठ्ठी उजवीकडे लावताना माझं चुकलं, हे कळायला मला वेळ लागला. चवथीला मूळ घरी मुंबई-पुण्याहून दीर-जावा येतात, गणपतीवर फळा-पानांची माटोळी सजते, नव्या लग्नाच्या लेकीच्या सासरी वजें, म्हणजे भेटींचं ओझं, पाठवावं लागतं. यातला वाटा ज्या घराने उचलला नाही, त्या घराला पुढच्या वर्षी अडीनडीला कोण उभं राहणार? सासूला रात्री इस्पितळात न्यायचं झालं तर पाच हजार रुपये बिनव्याजी, बिनकागदी, शेजारच्या दारातून मिळतात. त्या पाच हजारांचा विम्याचा हप्ता चवथीला भरलेला असतो. पुस्तिका लिहिणाऱ्याला तो खर्च दिसला, विमा दिसला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. असं छोटं, बिनतारण सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या बाईला हिशोब येत नाही म्हणून ती अडचणीत येते, हे गृहीतकच चुकीचं आहे. हिशोब तिला येतो. तिच्यापासून लपवली जाते ती किंमत, आणि जिथे चूक आहे ते म्हणजे हप्त्याचं वेळापत्रक. या दोन्ही गोष्टी कर्ज देणाऱ्याच्या हातात आहेत. तिला शिकवायला बसणं म्हणजे बस चुकीच्या वेळेला सोडायची आणि प्रवाशांना घड्याळ वाचायला शिकवायचं.

त्याच सभामंडपात, आमचा वर्ग संपून तक्ता गुंडाळायच्या आत, बायकांनी भिशी सुरू केली. बाराजणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे चोवीस हजारांचा डाव. लिलावाची भिशी: ज्या बाईला पैसे आत्ता हवेत ती काही रक्कम सोडते, जी जास्त सोडेल तिला डाव, आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटून जातात. तिसरा महिना होता. एकीला पावसाआधी कौलं शाकारायची होती, दुसरीला शिवणयंत्र दुरुस्त करायचं होतं. बोली हजारापासून सुरू झाली, दीड हजार, दोन हजार, अडीच हजारांवर शिवणयंत्रवाली थांबली. कौलंवालीने साडेएकवीस हजार मोजून घेतले. बाकीचे अडीच हजार बाराजणींत, दोनशेआठ रुपये प्रत्येकी, वरचे चार रुपये देवाच्या पेटीत. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. ना कॅलक्युलेटर, ना कागद. फक्त एका वहीत नावापुढे खूण.

शिवणयंत्रवालीला मी विचारलं, अडीच हजारांवर का थांबलात? म्हणाली, त्यापेक्षा जास्त सोडलं तर यंत्र दोन महिने उशिरा दुरुस्त केलेलं परवडतं. आमच्या पुस्तिकेच्या भाषेत याला भांडवलाचा खर्च म्हणतात आणि तो धडा आठव्या सत्रात होता. आम्ही आठव्या सत्रापर्यंत कधीच पोचलो नाही.

मग हीच बाई लोनवाल्याच्या कागदावर सही करताना कुठे अडकते? भाषेत. आपल्याकडे गावात व्याज ‘शेकडा’ बोललं जातं: शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. बाईला ते पाठ असतं. कर्ज देणारा बोलतो वर्षाच्या टक्क्यांत, आणि तेही सोयीचे टक्के निवडून. चाळीस हजारांचं कर्ज, चोवीस महिन्यांचं, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, २४ टक्के घ्या. हप्ता येतो साधारण २,११५ रुपये, दोन वर्षांत व्याज १०,७५० च्या आसपास. आता हेच व्याज मूळ चाळीस हजारांवर दोन वर्षांनी भागलं तर येतात साडेतेरा टक्क्यांहून थोडे कमी. आकडे खोटे नाहीत, कर्ज एकच आहे. पण एक माणूस ‘चोवीस’ म्हणेल आणि दुसरा ‘फक्त तेरा-साडेतेरा’. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून समजा दीड हजार आधीच कापून ३८,५०० हातात दिले, तर खरा दर जातो अठ्ठावीसच्या पुढे. म्हणजे शेकडा दोन नव्हे, सव्वादोनच्याही वर. हे तिच्या भाषेत, सहीच्या आधी, कोणी सांगितलं तर ती त्याच क्षणी तुलना करेल; भिशीशी करेल, सोनं गहाण ठेवण्याशी करेल, बचत गटाच्या कर्जाशी करेल.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखलेलं नाही असं नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले सूक्ष्मकर्जाचे नियम वाचले तर बरंच काही चांगलं सापडतं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज ते सूक्ष्मकर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर एका पानावर, कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर नाही. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा, आणि ती बाई तिथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जायचं. त्याच नियमांनी व्याजदरावरची जुनी कमाल मर्यादा मात्र काढून टाकली. दर आता संस्थेचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणजे किंमत मोकळी सोडली आणि ग्राहकाच्या शहाणपणावर भरवसा ठेवला. मग तो ग्राहक शहाणा व्हावा म्हणून वर्ग. धागा असा जुळतो.

मी वर्गांत जेवढ्या बायकांना विचारलं त्यांतल्या बहुतेकींना ते एक पान मिळालं होतं. ते इतर कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं, आधार कार्डाच्या झेरॉक्सशेजारी. वाचून कोणी दाखवलं नव्हतं. सही आधी, कागद नंतर.

सूक्ष्मकर्जाची चळवळ सुरू झाली ती नेमकी उलट विश्वासावर, ही गंमत विसरू नये. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनुस, ज्यांना २००६ साली शांततेचं नोबेल मिळालं, ते सुरुवातीपासून म्हणत आले की गरिबाला जगायचं कौशल्य असतंच. त्याला शिकवणी नको, भांडवल हवं. तीस-चाळीस वर्षांत भांडवल पोचलं, पण चमत्कार झाला नाही. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतल्या पाहण्यांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. भारतातली पाहणी हैदराबादची होती, अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाची. सगळ्यांचा सूर एकच: काहींना थोडा हात मिळतो, पण सरासरीने घराचं उत्पन्न पालटत नाही. पालटत नाही म्हटल्यावर कारण शोधलं गेलं, आणि ते सापडलं कर्जदाराच्या डोक्यात. तिला पैसा वापरता येत नाही म्हणे.

शिकवणीने काय साधतं, यावरही बरंच काम झालं आहे. २०१४ साली दोनशेएक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माणसांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का शिक्षणाने समजावता येतो असं त्यात निघालं, आणि गरिबांच्या बाबतीत परिणाम आणखी क्षीण. २०२२ मधला ७६ प्रयोगांचा आढावा यापेक्षा आशादायक आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्ञान वाढतं आणि वागण्यातही काही फरक पडतो असं तो म्हणतो. पण मला या दोन्हींपेक्षा पेरूमधला प्रयोग जास्त बोलका वाटतो. तिथे गटकर्जाच्या बैठकीतच बायकांना धंद्याचं प्रशिक्षण दिलं. बायकांचा नफा ठळकपणे वाढला नाही. परतफेड सुधारली आणि संस्था सोडून जाणाऱ्या बायका कमी झाल्या. म्हणजे फायदा झाला तो संस्थेचा. शिकवणीचा खर्च समाजकार्याच्या खात्यात आणि लाभ वसुलीच्या खात्यात.

डोमिनिकन रिपब्लिकमधला प्रयोग याहून उपयोगी. छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला, दुसऱ्याला साधे अंगठानियम: धंद्याचे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या डब्यांत ठेवा, असे. जमाखर्चवाल्यांत काही फरक पडला नाही. डबेवाल्यांचे व्यवहार सुधारले. आमच्या आज्यांना हे सांगायला परदेशी विद्यापीठ लागलं नव्हतं, तांदळाच्या डब्यातली चिल्लर आणि देवघरातली चिल्लर त्या कधी मिसळत नसत. पण चला, सिद्ध झालं हे बरं झालं.

आता कोणी म्हणेल, आणि आमच्या शाखेतले एक साहेब नेहमी म्हणायचे, की बायका कर्जावर कर्ज काढतात त्याचं काय? काढतात. एका बाईकडे मी चार संस्थांची चार कर्जकार्डं पाहिली आहेत, चार रंगांची, रबराने एकत्र बांधलेली. पण त्या चार कार्डांच्या तारखा लावून पाहिल्या तर गोष्ट वेगळी दिसायची. पहिलं कर्ज डिसेंबरमध्ये, धंद्यासाठी. दुसरं जुलैत. तिसरं ऑगस्टच्या शेवटी. दुसऱ्याने पहिल्याचे हप्ते भरले, तिसऱ्याने चवथ आणि दुसऱ्याचे हप्ते. संस्थेकडून दारात येणाऱ्या पोराला महिन्याची टार्गेटं असतात, तो बिचारा बेळगावकडचा नाहीतर सिंधुदुर्गातला, पगार जेमतेम. त्यालाही दुसरं कार्ड द्यायचंच असतं. ‘गटात एक कमी पडते, तुमचं नाव लावा’ हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल. २०२५ पासून या व्यवसायाच्या स्वतःच्याच संघटनेने एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये असं बंधन घातलं. म्हणजे चौथं कार्ड कोणी दिलं, याचं उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

इथे बाईची चूक मी अजिबात झाकत नाही. आपल्या नावावर कर्ज काढून ते जावेला, नवऱ्याच्या मित्राला, गटप्रमुखीला द्यायचं, हा प्रकार सर्रास चालतो आणि त्यात बाई बुडते. पण ती आकडेमोड न आल्यामुळे बुडत नाही. ‘नाही’ म्हणता न आल्यामुळे बुडते, आणि ज्या गटाच्या हमीवर हे सगळं उभं आहे त्याच गटात ‘नाही’ म्हणणं सगळ्यांत अवघड.

डिचोली-सत्तरीत राहणाऱ्या माणसाने साक्षरतेबद्दल बोलताना थोडं जपून बोलावं. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या तालुक्यात ट्रकांच्या रांगा घरांसमोर उभ्या राहिल्या, गवत टायरांवर चढलं. ते ट्रक कर्जाचे होते. कर्जं कोणी मंजूर केली होती? पदवीधरांनी, परीक्षा दिलेल्यांनी, माझ्यासारख्यांनी. अर्जावर मालाची वाहतूक किती, फेऱ्या किती, दर किती, सगळं होतं; एका आदेशाने खाण थांबू शकते हा रकाना नव्हता. नंतर मर्यादा घालून खाणी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं ठप्प. खाणग्रस्त कर्जदारांसाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली. त्या काळात बँक अधिकाऱ्यांसाठी ‘गरज आणि चैन’चा वर्ग घ्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही. आम्ही त्याला ‘परिस्थिती’ म्हटलं. चाळीस हजारवालीचा हप्ता चुकला की त्याला ‘अज्ञान’ म्हणतात.

चोर्ला घाट चढून पलीकडे गेलं की कर्नाटक. तिथे वसुलीच्या जाचाला कंटाळून लोकांनी गावं सोडल्याच्या आणि जीव दिल्याच्या बातम्या आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला. जुलूम करणाऱ्या सावकाराला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्याआधी २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने असाच अध्यादेश काढला होता, तेव्हा वसुली जवळपास थांबली आणि नंतर गरिबाला कर्ज मिळणंही आटलं. दोन्ही टोकं बघून झाली आहेत. गोव्यात अजून तेवढं पेटलेलं नाही. म्हणूनच आत्ता करावं.

काय करावं? वर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. पण तो एका तासाचा करा, सहीच्या आदल्या दिवशी करा, आणि कर्ज देणाऱ्या माणसाने घेऊ नये. पंचायतीने घ्यावा, बचत गटांच्या संघाने घ्यावा. त्यात तीनच गोष्टी पुरेत: त्या एका पानावरचा दर शेकड्यात कसा बदलायचा (बाराने भागा, झालं), हातात किती येणार आणि एकूण किती जाणार, आणि संस्थेने तक्रारीचं तीस दिवसांत निवारण केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कसं जायचं, ज्याचा फोन १४४४८. चवथीबद्दल एक शब्द नको.

खरं काम मात्र हप्त्याचं आहे. कोलकात्यात रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काही बायकांचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी ठेवला, काहींचा दोन महिन्यांनी. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा जास्त होता. थकबाकीही वाढली, हे खरं. पण धंद्याची जोखीम नफा घेणाऱ्या दोघांत वाटली जावी, एकटीच्या पदरात नको, एवढं तर बँकेत आम्हाला मोठ्या कर्जदारांच्या बाबतीत कळत होतंच. त्यांना आम्ही हंगामी फेड देत होतो. उसाच्या कर्जाला ऊस तुटेपर्यंत थांबतो आपण.

आमच्या वर्गांच्या शेवटच्या वर्षी एका गावात मी पुस्तिका बाजूला ठेवली. ‘गरज आणि चैन’चा तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारा रकाने आखले. म्हटलं, पैसे कधी येतात ते भरा. बायकांनीच खडू घेतला. मार्च ते मे: काजू बिया, बोंडू, भिरंडीची (कोकमाची) सोलं, पर्यटकांच्या हॉटेलांतली धुणी-भांडी. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, तिथे वजाबाकीची खूण. नवरा ट्रॉलरवर असलेली एक होती. जून-जुलै मासेमारी बंद, एकसष्ट दिवस. ऑगस्टमध्ये रानभाजी आणि माटोळीचं सामान विकून चार पैसे, आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्या तिप्पट खर्च. ऑक्टोबरपासून किनाऱ्यावरचे शॅक उघडले की कामं. गृह आधार या सरकारी योजनेचे दीड हजार सगळ्या रकान्यांत सारखे, छोट्या टिंबासारखे.

मी विचारलं, जुलैचं काय? ‘चवथ न्हय ती?’वाली मावशी योगायोगाने याही गावात आली होती, बहिणीकडे. ती म्हणाली, “हिशोब येता म्हाका. पयशे येनात.” आणि बहिणीच्या हातातला खडू घेऊन जुलैच्या रकान्यात शून्य काढलं. त्याच्या खाली तिने हप्ता लिहिला, २,११५. जानेवारीच्या रकान्याखालीही तोच होता.

तो तक्ता मी बँकेत परत दिला नाही. माझ्या घरी कपाटामागे गुंडाळून ठेवला आहे. एका बाजूला आमची उत्तरं, दुसऱ्या बाजूला त्यांची.